मेणातली फेरी

दार काही लागेना.

बेबीनं आधी नीट लावून बघितलं, मग ढकलून, मग कंबरेनं धक्का मारून. गाडीचं दार मागच्या वरच्या कोपऱ्यात पत्र्याला घासायचं, कर्र करायचं आणि बोटभर उघडंच राहायचं.

"पुन्हा," दादा म्हणाला. तो जमिनीवर मांडी घालून, मान तिरकी करून दाराच्या फटीत बघत बसला होता.

"पुन्हा काय पुन्हा? दहा वेळा लावलं तर लाजून लागणार आहे का ते?"

"पुन्हा लाव. हळू."

बेबीनं लावलं. कर्र. तिनं दाराला एक सणसणीत शिवी दिली आणि हातातलं फडकं कोपऱ्यात भिरकावलं.

बेबी म्हणजे काही बाळ नव्हती. पन्नाशीला टेकलेली, खांद्यानं रुंद, रोज शहराची बस चालवणारी बाई. घरात सगळ्यात धाकटी म्हणून नाव पडलं ते पडलंच, डेपोतसुद्धा सगळे बेबीताई म्हणायचे. राग नाकाच्या शेंड्यावर. सिग्नलला पुढचा जरा पेंगला की हिचा हात हॉर्नवर. आणि दादा, तिचा सख्खा मोठा भाऊ, कवळ्या बनवायचा. लॅबमध्ये दिव्याखाली बसून एकेक दात मेणात रोवत दिवस काढायचा आणि संध्याकाळी त्यातले निम्मे काढून पुन्हा रोवायचा. ही दोघं एका आईची आहेत हे लोकांना सांगावं लागायचं, आणि सांगितलं तरी पटायचं नाही.

दोघांना जोडणारी गोष्ट एकच, ती आत्ता लोखंडी घोड्यांवर चढवून ठेवली होती. दोन सीटची, टप नसलेली, लांब नाकाची जुनी स्पोर्ट्स कार. लहानपणी शाळेच्या वाटेवर एका बंगल्यासमोर अशीच एक उभी असायची. दोघं कुंपणाच्या जाळीला नाक लावून बघत बसायचे, शाळेला उशीर व्हायचा आणि मार दादाला बसायचा. नंतर केस पांढरे व्हायला लागले तेव्हा कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्यात तसलीच एक सापडली. ड्रायव्हरच्या सीटवर अंडी घातलेली होती. गाडी बाहेर काढताना खुराड्यातल्या कोंबडीनं बेबीच्या हाताला चोच मारली. तो वण ती अजून कौतुकानं दाखवायची.

तेव्हापासून दर रविवारी दादाच्या घरामागच्या गॅरेजात काम. वाटणी साधी होती. आवाज होणारं काम बेबीचं, आवाज न होणारं दादाचं. ती कापायची, ठोकायची, वेल्डिंग करायची. तो कार्ब्युरेटरची भोकं सुईनं साफ करायचा आणि डायलवरचे पुसट आकडे एका केसाच्या ब्रशनं परत काढायचा.

आता टप नसलेल्या गाडीचं सगळं बळ कुठं असतं, तर दाराखालच्या दोन पोकळ पत्र्याच्या तुळयांत. हे दोघं त्यांना उंबरठे म्हणायचे. दोन्ही उंबरठे गंजून चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे झाले होते. ते कापून नवे बसवायचे होते. पण कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवे लोखंडी पाईप बोल्टनं आवळायचे असतात, नाहीतर आधार गेला की गाडी मधोमध खचते. हे दोघांना झोपेतही पाठ होतं. पाईप बेबीनं स्वतःच्या हातानं आवळले होते.

"मग वाकली कशी?" बेबी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "पाईप होते ना?"

दादा उठला, गुडघे झटकले आणि भिंतीशी टेकवलेल्या दोन पाईपांकडे बघत राहिला.

"हे इथं कधीपासून आहेत?" त्यानं विचारलं.

"वेल्डिंग झाल्यावर तूच काढून ठेवले असशील."

"मी ठेवले कापायच्या आदल्या शनिवारी. तू रविवारी परत लावलेस ना?"

"मी कशाला लावू? मी काढलेच नव्हते."

मग दोघांनी मिळून तो रविवार उकरून काढला. झालं होतं असं. कवळी करायची तर आधी तोंडाचं माप घेतात, तोंड जसं आहे तसं. कापाकापीच्या आदल्या दिवशी दादाच्या डोक्यात आलं, गाडीच्या दारांच्या फटींचंही माप घेऊन ठेवावं. दार लावून फटीत मेण दाबायचं तर पाईप आड येत होते. त्यानं ते काढले, दोन्ही बाजूंचे ठसे घेतले, दारं उतरवून ठेवली, ठिणग्या आत जाऊ नयेत म्हणून दोन्ही चौकटींवर जाड ब्लँकेट टाकलं आणि ठसे घेऊन लॅबमध्ये गेला. कवळीच्या हिरड्या ज्या गुलाबी मसाल्याच्या करतात, त्यात त्याला त्या ठशांवरून पट्ट्या ओतायच्या होत्या. पाईप सकाळी लॅबमधून येऊन लावू, असं म्हणाला. मनातल्या मनात.

आणि काम आठला सुरू करायचं ठरलं होतं. बेबीची आठची गाडी आयुष्यात कधी आठ-दोनला सुटली नव्हती. दादा आला नाही म्हणून ती काय हातावर हात ठेवून बसणार होती? चष्मा चढवला, ग्राइंडर फिरवला. ब्लँकेट उचलून बघायचं तिला सुचलं नाही, कारण पाईप तिनंच लावले होते. दादा पट्ट्यांचा डबा घेऊन आला तोवर ठिणग्या उडत होत्या. त्याला वाटलं, सुरू केलंय म्हणजे हिनं पाईप लावलेच असणार. त्यानं डबा फळीवर ठेवला आणि चहा आणायला गेला.

नंतर कितीतरी रविवार त्या ब्लँकेटखाली गाडी खचलेली होती आणि बेबी त्या खचलेल्या गाडीला नवे उंबरठे जीव लावून वेल्ड करत होती. इतके सुंदर वेल्ड तिनं कधीच मारले नव्हते.

"तुझ्या त्या मेणापायी," बेबी म्हणाली.

"तुझ्या त्या आठापायी," दादा म्हणाला.



"जाऊ दे," शेवटी बेबी म्हणाली. "बाकी गाडी भक्कम आहे, फक्त फट चुकलीय. दाराचा कोपरा घासते जरा. कुणाला कळतंय?"

"कवळी बसत नाही म्हणून हिरडी कापतात का?"

"लोक दात काढतात, मला काय माहीत."

"उंबरठे पुन्हा कापायचे," दादा म्हणाला. आवाज चढवला नाही, तो कधी चढवायचाच नाही. "दोन्ही. गाडी सरळ करायची आणि मग नवे लावायचे."

"म्हणजे पुन्हा अर्धं वर्ष."

"लागू दे."

बेबीच्या डोक्यात तिडीक गेली. ती पाय आपटत स्वयंपाकघरात गेली.

वहिनी ओट्याशी उभी राहून चहा गाळत होती. वहिनीला गाडीचं प्रेम नव्हतं, पण गाडीच्या प्रेमात पडलेल्या माणसांची सवय झाली होती. तिच्या शिवणाच्या डब्यातल्या सुया गॅरेजात सापडायच्या आणि गॅरेजातले नट तिच्या कणकेच्या डब्यात.

"काय झालं बेबीताई? आज गाडीला शिव्या की नवऱ्याला माझ्या?"

"दोघांना. पुन्हा कापायचं म्हणतोय. अजून सहा महिने."

वहिनीचा हात थांबला. गाळणीतून चहा ओट्यावर ठिपकला. तिनं तो पुसला, मग पुसलेली जागा परत पुसली.

"तुम्हाला सांगितलं नाही ना त्यांनी?"

"काय?"

"डोळ्यांचं. समोरचं स्वच्छ दिसतं, पण कडेचं कमी होत चाललंय. कामाला अडत नाही, दात काय समोरच असतात. पण डॉक्टर म्हणाले, दोन महिन्यांनी पुढच्या तपासणीला असंच दिसलं तर गाडी चालवणं बंद. म्हणजे कायमचं." तिनं कप बेबीच्या हातात दिला. "आमची रोजची गाडी तर मीच चालवते हल्ली. त्याचं त्यांना काही नाही. पण ही एकदा तरी स्वतः चालवायची होती त्यांना."

"मग अर्धं वर्ष कशाला म्हणतोय?"

"ते मला काय विचारता? तुमचा भाऊ आहे."

बेबीनं चहा उभ्या उभ्या घशात ओतला, जीभ भाजून घेतली आणि परत गॅरेजात गेली. दादा तसाच बसला होता, बोटानं फट चाचपत.

"वहिनीनं सांगितलं मला," ती म्हणाली.

त्यानं फटीतलं बोट काढून घेतलं. "तिच्या पोटात काही राहत नाही."

"तुझ्या पोटात राहतं ते पुरे आहे. घासू दे मला कोपरा. पंधरा दिवसात रस्त्यावर येते गाडी. चालव आणि मोकळा हो."

"वाकडी?"

"वाकडी तर वाकडी. चालवशील तरी."

"बेबी," तो म्हणाला, "ज्या दिवशी चालवीन त्या दिवशी ती तीच पाहिजे. जाळीतून बघायचो ती. घासलेल्या दाराची दुसरीच कुठलीतरी चालवायची असती तर टॅक्सीत बसलो असतो."

हे ऐकून बेबी हुप्प झाली. राग आला की ती बोलायची, फार राग आला की गप्प बसायची. हत्यारं पुसून जागच्या जागी लावली, ही तिची नेहमीची पद्धत नव्हती, आणि निघून गेली.

तो आठवडा बसमधल्या लोकांना जड गेला. दारात लोंबकळणाऱ्या एकाला तिनं असं झापलं की तो पुढच्याच थांब्यावर उतरून चालत गेला. दादा बरोबर बोलतोय हे तिला कळत होतं, आणि म्हणूनच जास्त चिडचिड होत होती. दार घासलं तर त्याच्या मनातून गाडी उतरणार. नाही घासलं तर त्याच्या हातातून स्टिअरिंग जाणार. यातलं एकच मिळणार असं दिसत होतं, आणि बेबीला एकच मिळणं लहानपणापासून पटत नव्हतं.

शुक्रवारी बस जमा करायला ती डेपोत आली. मागच्या आवारात शिकाऊ ड्रायव्हरांची बस चालली होती. मोठं मोकळं पटांगण, रस्त्यासारखे पांढरे पट्टे, नारिंगी शंकू. शिकवणारा उस्ताद शिट्टी तोंडात धरून उभा होता. त्याच्या हाताखाली बेबीही शिकली होती आणि तिनं त्याचे जेवढे शंकू चिरडले होते तेवढे अजून कुणी चिरडले नव्हते.

"उस्ताद, रविवारी हे आवार रिकामंच असतं ना?"

"का? पुन्हा शिकायचंय?"

"भावाला आणायचंय. आमच्या गाडीत."

"ती? मी फोटो बघितलाय. गाडी आहे की साबणाची वडी?" उस्तादनं शिट्टी खिशात टाकली. "साहेबांना विचारतो. शंकू भरून द्यावे लागतील हां."

पण खरी अडचण उस्ताद नव्हताच. शनिवारी संध्याकाळी ती दादाच्या लॅबमध्ये गेली. तो दिव्याखाली वाकला होता. समोर कवळी होती, दात पांढरे आणि हिरड्या लालसर मेणाच्या. अजून मसाला ओतलेला नव्हता.

बेबी स्टुलावर बसली. बसली की एका जागी बसवत नसे तिला, ती एक पाय हलवत राहिली आणि टेबल हलायला लागलं.

"पाय," दादा न बघता म्हणाला.

तिनं पाय थांबवला. "हे काय, झाली कवळी?"

"छे. ही मेणातली. सोमवारी डॉक्टरकडे पेशंट घालून बघणार. ओठ कसे दिसतात, बोलता येतं का, चावा जुळतो का. मग परत येईल, मग पक्की करायची."

"म्हणजे पेशंट मेणातली घालतो."

"थोडा वेळ. खायचं नाही त्यानं काही. नुसतं बघायचं."

"आणि घातली म्हणजे ती पक्की झाली असं होत नाही."

"कशी होईल? मेणातली ती मेणातली."

"मग आपली गाडीही मेणातलीच आहे," बेबी म्हणाली. "दारं काढून ठेवते. दारंच नाहीत तर फट कुठली आली? रस्त्यावर न्यायची नाही. डेपोचं आवार, उद्या सकाळी, रिकामं. घालून बघ. परत आणू, मग काप म्हणशील तिथं कापते. एक शब्द बोलणार नाही."

दादानं हातातली सुरी खाली ठेवली. बराच वेळ त्यानं कवळीकडे पाहिलं, जणू ती काही सांगणार होती.

"एक शब्द नाही?"

"दोन बोलीन. जास्त नाही."

रविवारी सकाळी डेपोच्या टोइंगच्या ट्रकवर लादून त्यांनी गाडी नेली. टप नाही, दारं नाहीत, रंगही नाही, नुसता राखाडी प्राइमर. सीटच्या जागी वहिनीनं उशा बांधून दिल्या होत्या. ती स्वतःही आली होती, डोक्याला रुमाल बांधून, आणि कुणी विचारलं नव्हतं तरी सांगत होती की आपण फक्त उशांवर लक्ष ठेवायला आलोय.

इंजिन पहिल्या झटक्यात खोकलं, दुसऱ्याला खाकरलं आणि तिसऱ्याला लागलं. उस्तादनं कानावर हात ठेवले. दादा स्टिअरिंगमागे बसला. लांब नाकापलीकडे पटांगण पसरलं होतं. 

बेबी शेजारी बसली. बस चालवणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या शेजारी बसणं म्हणजे शिक्षा. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

"चल," ती म्हणाली. हा पहिला शब्द.

तो निघाला. पहिल्या गिअरमध्ये पटांगण ओलांडलं, वळला, दुसरा टाकला. गाडी जमिनीला इतकी चिकटून होती की बाजूनं पट्टे सर्रकन सरकताना दिसत होते, हात खाली सोडला असता तर सिमेंटला लागला असता. तिसऱ्या गिअरला इंजिनचा आवाज बदलला. भरडा होता तो गोल झाला. दादा हसला. त्याचं हसू बेबीनं कितीतरी वर्षांत असं पाहिलं नव्हतं, वरच्या दातांपासून खालच्या दातांपर्यंत, सगळे त्याचे स्वतःचे.

चौथ्या फेरीला डाव्या बाजूला ठप्प झालं. नारिंगी शंकू लोळत मागे गेला. उस्ताद हात वर करून म्हणाला, चालू दे.

पुढच्या फेरीला आणखी एक. तोही डावीकडचा.

दादानं गाडी हळू केली, रेषेच्या आत नेऊन उभी केली आणि ब्रेक ओढला. इंजिन तसंच चालू ठेवलं.

"मी बघत होतो," तो म्हणाला. "म्हणजे मी त्याच्याकडेच बघत होतो असं मला वाटत होतं. शंकू होता तिथं?"

"होता."

"दोन्ही वेळा?"

बेबीनं मान डोलावली. बोलायला तिच्याकडे शब्द शिल्लक नव्हता, आणि असता तरी तिनं तो वापरला नसता.

दादानं समोर बघत स्टिअरिंगवरून अंगठा फिरवला. लाकडी कडा त्यानंच पॉलिश केली होती. मग त्यानं पटांगणाची आणखी एक फेरी मारली, अगदी मधोमध, सगळ्या शंकूंपासून लांब. ती फेरी त्यानं सावकाश मारली. तिसऱ्या गिअरमध्ये, त्या गोल आवाजात. परत आला, उतरला आणि पुढून वळसा घालून बेबीच्या बाजूला येऊन उभा राहिला.

"सरक," तो म्हणाला. "आता तू."

"दादा, अजून मार की एखादी."

"झाली माझी घालून. चावा छान आहे." त्यानं तिला खांद्याला धरून उठवलं. "तपासणीची वाट कशाला बघायची? कळलं मला."

बेबीला काहीतरी चिडून बोलायचं होतं, डॉक्टरवर, डोळ्यांवर, शंकूंवर. पण ती स्टिअरिंगमागे जाऊन बसली. ती बससारखीच चालवायची, वेळ पाळल्यासारखी. दादा शेजारी डोळे मिटून बसला. एका वळणावर त्यानं डावा हात बाहेर काढून दाराच्या मोकळ्या चौकटीवरून फिरवला, वरपासून खालपर्यंत.

"थांब," तो म्हणाला.

"काय झालं? लागलं काही?"

"पट्ट्या आहेत की."

"कसल्या पट्ट्या?"

"गुलाबी. त्या कापायच्या आदल्या शनिवारी घेतलेलं माप. खचायच्या आधीचं. फळीवर डब्यात आहे. आपण त्या मेणाला शिव्याच देत बसलो, कुणी डबा उघडलाच नाही." तो पहिल्यांदाच भरभर बोलत होता. "खालून जॅक लावून मधे उचलायची, पट्टी फटीत बरोबर बसेपर्यंत. बसली की पाईप आवळायचे. मग काप."

बेबीनं भर पटांगणात ब्रेक मारला. मागे कडेला उभी असलेली वहिनी ओरडली, "उशी पडली."

पुढचा रविवार. बेबी साडेआठला आली. मुद्दाम उशिरा, आणि त्याचा तिला किती त्रास झाला हे तिच्या तोंडावर दिसत होतं. दादानं आधीच ब्लँकेट काढून घडी करून ठेवलं होतं. दोघांनी मिळून चौकटी बघितल्या, मिळून पाईप मोजले, मिळून एकमेकांना विचारलं. मग तिनं आपले सुंदर वेल्ड कापले आणि कापताना चकार शब्द काढला नाही. गाडी जॅकवर घेतली. ती जॅकचा एकेक दात चढवायची आणि दादा फटीत गुलाबी पट्टी धरून बसायचा.

"अजून. अजून थोडं. थांब. केसभर खाली."

"केस कुणाचा? माझा की तुझ्या त्या ब्रशचा?"

"ब्रशचा."

पट्टी बसली. पाईप आवळले गेले. उंबरठे पुन्हा लागले, रंग झाला, सीट शिवून आल्या. मधे दादाची तपासणीही होऊन गेली, आणि डॉक्टर जे म्हणाले ते त्यानं जेवताना मीठ मागितल्यासारखं सांगितलं.

दारं टांगायच्या दिवशी तिघंही गॅरेजात होती. दादानं कवळीचा चावा तपासायचा निळा कागद दाराच्या चारी कडांना चिकटवला, म्हणजे कुठं घासलं तर डाग पडेल. मग जमिनीवर मांडी घालून, मान तिरकी करून बसला.

बेबीनं सवयीनं हात मागे नेला, आपटायला. मग तो खाली घेतला आणि एका बोटानं दार ढकललं.

टक.

वहिनीनं कागद काढून उजेडात धरला. डाग नव्हता. "आता फिरायला कोण जाणार ते ठरवा," ती म्हणाली, "सीटा दोन आहेत आणि माणसं तीन." आणि रुमाल बांधायला लागली.

दादाला ते ऐकू गेलं नसावं. त्यानं फटीवरून बोट फिरवलं, वरच्या कोपऱ्यापाशी थोडं थांबवलं आणि बेबीकडे वर बघितलं.

"पुन्हा," तो म्हणाला.

बेबीनं दार उघडलं आणि परत लावलं. मग त्यानं काही न म्हणताच तिनं आणखी एकदा लावलं.